उघडे डोंगर, जुन्या खाणी आणि हिवाळी भटकंती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडी सुरू झाली की युरोपातल्या या डोंगरांबद्दल तेच ते प्रश्न येऊ लागतात. काही जण पहिल्यांदाच निघालेले असतात. काहींनी बरंच पाहिलेलं असतं आणि त्यांना एखाद्या चमत्कारिक गोष्टीचा उलगडा हवा असतो. दर वेळी नव्याने लिहिण्यापेक्षा उत्तरं इथे एकत्र ठेवली आहेत. उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं असेल तिथे फक्त क्रमांक दिला आहे. खाली ‘शाफ्ट’ म्हणजे खाणीची उभी विहीर आणि ‘बोगदा’ म्हणजे डोंगराच्या कुशीत आडवं खणत नेलेलं भुयार, असं समजा.

१. हिवाळ्यातच कशाला जायचं? उन्हाळ्यात गेलेलं बरं नाही का?

आराम हवा असेल तर उन्हाळाच बरा. पण जुनं खाणकाम बघायचं असेल तर हिवाळ्यासारखा ऋतू नाही. नेचे आणि गवत मरून जमिनीला चिकटलेलं असतं. सूर्य दिवसभर क्षितिजाजवळच रेंगाळतो आणि त्या तिरक्या उन्हात वीतभर उंचीच्या वरंब्याचीही लांब सावली पडते. उन्हाळ्यात ज्या माळावरून काही न दिसता चालत गेलात, तिथेच खणलेले खळगे, पाण्याचे पाट आणि मालवाहू घोड्यांच्या वाटा नकाशासारख्या उमटतात. पुरातत्त्वाची माणसं विमानातून फोटो काढायला असंच कलतं ऊन शोधतात. वर बोटभर बर्फ असेल तर पाहायलाच नको, प्रत्येक रेघ उठून दिसते.

गोम एवढीच, की बोटभर बर्फ जे दाखवतो तेच गुडघाभर बर्फ झाकून टाकतो. खालचे निम्मे प्रश्न त्या गुडघाभर बर्फाबद्दल आहेत.

२. हे डोंगर काही फार उंच नाहीत. मग एवढी काळजी कसली?

उंची नसते, पण आडोसाही नसतो. इंग्लंडमधले पेनाइन्स आणि लेक डिस्ट्रिक्ट, वेल्सचे माळ, नॉर्वेतल्या रोरोसच्या आसपासची पठारं अशा ठिकाणी मैलोन्‌मैल झाड नाही. रोरोसला तर त्याचं एक कारण खाणच आहे. तिथे १६४४ पासून १९७७ पर्यंत तांब्याचं काम चाललं आणि भट्ट्यांच्या सरपणासाठी आजूबाजूचं रान तोडलं गेलं.

झाड नाही म्हणजे वाऱ्याला अडवायला काही नाही. हवा उणे ५ अंश सेल्सिअस आणि वारा ताशी ४० किलोमीटर असेल, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे १४ अंशांसारखी लागते. शिवाय दर १००० मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, तेव्हा गाडी लावली तिथल्या हवेवर जाऊ नका.

आणि ‘एवढ्याशा टेकडीवर हिमस्खलन कुठलं?’ असं म्हणणाऱ्यांसाठी: ब्रिटनमधलं नोंदलेलं सर्वांत जीवघेणं हिमस्खलन उंच पर्वतांत झालेलं नाही. दक्षिण इंग्लंडमधल्या लुइस गावामागच्या टेकडीवरून २७ डिसेंबर १८३६ रोजी ते खालच्या घरांवर कोसळलं आणि ८ माणसं गेली.

३. पहिल्यांदाच जातोय. सॅकमध्ये काय काय हवं?

वारा अडवणारं जाकीट, त्याखाली लोकरीचे किंवा सिंथेटिक थर (सुती नको, ओलं झालं की ते ऊब राखत नाही), कानटोपी, हातमोज्यांचे दोन जोड. एक जोड वाऱ्याने उडतो किंवा भिजतो, नेहमी. कागदी नकाशा, होकायंत्र, शिट्टी, हेडटॉर्च आणि त्याचे जादा सेल. बसताना खाली घ्यायला फोमचा तुकडा. गटासाठी एक वाराबंद झोळी, म्हणजे चार-पाच जण आत बसून डोक्यावरून ओढून घेतात ती हलकी कापडी पिशवी. उतारावर बर्फ घट्ट झाला असेल तर बुटांना काटे आणि बर्फकुऱ्हाड. पण ती वापरायचा सराव आधी सोप्या उतारावर करा. न शिकता हातात धरलेली बर्फकुऱ्हाड म्हणजे टोकदार काठी.

खाणींच्या भागासाठी दोन गोष्टी जास्तीच्या: लांब, मजबूत चालण्याची काठी (कशासाठी ते प्रश्न ५ मध्ये) आणि हात पुसायचे ओले रुमाल (प्रश्न १४).

४. किती वाजता निघायचं आणि किती वेळ धरायचा?

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा हिशोब मांडला, तो अजून चालतो. दर ५ किलोमीटरला एक तास आणि चढाईच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. म्हणजे १२ किलोमीटर चाल आणि ६०० मीटर चढ असेल तर सुमारे साडेतीन तास. हा हिशोब कोरड्या वाटेचा आणि न थांबता चालणाऱ्याचा आहे. भुसभुशीत बर्फात दीडपट धरा, गुडघा बुडत असेल तर दुप्पट. साडेतीनचे सात होतात.

आता दिवस किती? उत्तर अक्षांश ५४ च्या आसपास डिसेंबरअखेरीस उजेड मिळतो जेमतेम साडेसात तास. म्हणून मी एक पथ्य पाळतो: खाणींचा पट्टा दिवसाच्या पहिल्या भागात ओलांडायचा आणि परतीची वाट अशी ठेवायची की ती टॉर्चच्या उजेडातही निर्धास्त चालता येईल. टॉर्चच्या झोतात खळगा सपाट दिसतो, कारण उजेड तुमच्या कपाळावरूनच येतो आणि सावली खड्ड्याच्या पलीकडे लपते.

५. जमिनीवर जुना शाफ्ट ओळखायचा कसा?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तर लांबलं तरी हरकत नाही असाही हाच.

आधी ते लोक काम कसं करत ते समजून घ्या. धातूची शीर, म्हणजे खडकातला खनिजाचा पट्टा, जमिनीलगत असली की जुने खाणकरी काही मीटर सरळ खाली खणत आणि तळाशी चहूबाजूंनी रुंद करत जात, घंटेच्या आकारात. छत ढासळेल असं वाटलं की ती जागा सोडून शिरेवरच थोडं पुढे दुसरी विहीर. निघालेला मुरूम तोंडाभोवती गोल टाकला जाई. म्हणून आज वरून दिसतात ती मधोमध खळगा असलेली कंकणं, डोंगरावर कुणी रांगेत मांडून ठेवावीत तशी. रांग जिकडे जाते तिकडे शीर जाते. एक कंकण दिसलं की दुसरं कुठे असेल हे त्यावरून ताडता येतं, आणि तीच माहिती बर्फात उपयोगी पडते.

बर्फ जास्त पडला की आधी मधला खळगा भरतो, मग कडाही पुसट होते. उरतो एक हलकासा उंचवटा आणि त्याच्यावर बशीसारखा, फार सुबक, गोल, गुळगुळीत भाग. डोंगरावर निसर्ग इतकं सुबक वर्तुळ सहसा काढत नाही. ते दिसलं की लांबून जा. उंचवट्याच्या बाहेरच्या पायथ्यापासूनही चांगलं अंतर ठेवा, कारण जुन्या शाफ्टचं तोंड आतून ढासळत नरसाळ्यासारखं पसरतं आणि तुम्ही ज्याला काठ समजता तो कधीकधी नुसता लटकता गवताचा पापुद्रा असतो.

काठीने पुढे टोचत जाणं चांगलं, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. कुजक्या लाकडावर दोन हात माती असेल तर काठीला ती घट्टच लागते. माझी काठी एकदा अगदी साध्या, सपाट वाटेवर मुठीपर्यंत आत गेली होती. तो शाफ्ट नव्हता, खाणीचं पाणी काढून देणाऱ्या दगडी मोरीचं छत होतं. पण त्या दिवसानंतर ‘सपाट’ या शब्दावरचा माझा विश्वास उडाला.

आणि कृपा करून दगड टाकून खोली मोजू नका. त्यासाठी काठावर उभं राहावं लागतं, आणि खाली गुहाशोधक उतरलेले असू शकतात.

६. पण अशा शाफ्टवर झाकण किंवा कुंपण असतंच ना?

बऱ्याच ठिकाणी असतं, आणि काँक्रीटचं नवं झाकण असेल तर त्यावर निश्चिंत जेवायला बसतात लोक. (मी बसत नाही, पण तो माझा प्रश्न.) भीती जुन्या झाकणांची. खाण बंद करताना वर ओंडके आडवे टाकायचे आणि त्यावर दगडमाती लोटून जमीन सारखी करायची, असा सर्रास रिवाज होता. शंभर-दीडशे वर्षांत ते ओंडके कुजतात, वरून काहीच कळत नाही.

कुंपणाचं म्हणाल, तर वाऱ्याने वाहत आलेला बर्फ कुंपणापाशीच साठतो. त्याचा ढीग तारेच्या वरपर्यंत चढला की तुम्ही कुंपण ओलांडलं हे तुम्हाला कळतही नाही. बर्फातून वीतभर वर आलेले खांब गोलाकार दिसले तर ते शेताचं कुंपण नव्हे. शेत चौकोनी असतं.

७. माझ्या नकाशावर तिथे खाण दाखवलेलीच नाही. मग जमीन भरीव आहे असं धरू का?

नाही. ब्रिटनमध्ये सोडून दिलेल्या खाणींचे आराखडे सरकारजमा करणं १८७२ च्या कायद्यांनी बंधनकारक झालं. त्याआधी शतकानुशतकं खणलं गेलं त्याचे कागद असले तर असले. इतर देशांतही जुन्या कामांची कथा साधारण अशीच.

नकाशावर चिन्ह नसलं तरी नावं वाचा. उत्तर इंग्लंडमध्ये ‘हश’ (प्रश्न ११) किंवा ‘रेक’ (शिरेवर लांबच लांब खणलेली चर) आलं की बहुधा खाणकाम आलं. जर्मनभाषक भागांत ‘पिंगे’ म्हणजे खालची खाण बसल्याने वर पडलेला खळगा. सॅक्सनीतल्या आल्टेनबर्गची पिंगे १६२० मध्ये जमीन एकदम खाली गेल्याने झाली आणि आज ती एखादी प्रचंड दरी वाटते. स्वीडनमधल्या फालुनचा मोठा खड्डाही तसाच, १६८७ च्या जूनमधला. त्या दिवशी मध्य-उन्हाळ्याच्या सणाची सुटी होती म्हणून खाली कुणी नव्हतं.

८. बर्फात एके ठिकाणी वाफ येताना दिसली, भोवती बर्फही नव्हता. गरम पाण्याचा झरा असेल का?

जवळपास खाणकाम असेल तर झरा नव्हे, ती खाण श्वास सोडते आहे.

जमिनीच्या आत खोलवर हवा वर्षभर जवळजवळ एकाच तापमानाची असते, त्या जागेच्या वार्षिक सरासरीइतकी. उन्हाळ्यात ती गार वाटते. हिवाळ्यात बाहेर उणे तापमान असताना तीच हवा उबदार, म्हणून हलकी. ती वरच्या शाफ्टमधून बाहेर पडते आणि तिची जागा घ्यायला खालच्या बोगद्याच्या तोंडातून थंडगार हवा आत ओढली जाते. डोंगराचं धुराडं होतं. म्हणून खालच्या तोंडाशी आतपर्यंत बर्फाचे सुळे लटकतात, आणि वरच्या तोंडाशी बर्फ टिकत नाही.

मी असं एक तोंड जवळून पाहिलंय, पोटावर झोपून, दोरीने मागे बांधून घेऊन. बर्फात ताटाएवढं भोक होतं. भोवतीच्या वाळक्या गवताच्या प्रत्येक पात्यावर पिसासारखे हिमस्फटिक वाढलेले, सगळे भोकाकडे तोंड करून. गालाला ओलसर, मातकट ऊब लागत होती. सुंदर होतं, आणि दोरीशिवाय मी तिथे गेलो नसतो.

थोडक्यात, बर्फाने सगळं झाकलेलं असताना हिवाळा कधीकधी अशी एखादी खूण उघडी ठेवतो. मात्र वाफ दिसली नाही म्हणजे शाफ्ट नाही, असा उलटा अर्थ काढू नका. माती भरलेला किंवा पाण्याने तुंबलेला शाफ्ट श्वास घेत नाही.

९. वारा फारच असेल तर बोगद्यात दहा पावलं आत जाऊन बसलं तर काय बिघडतं?

दहा पावलं म्हणता म्हणता वीस होतात, पण ते सोडा. पहिली अडचण तोंडाशीच आहे. दिवसा वितळलेलं पाणी भेगांत शिरतं, रात्री गोठून फुगतं आणि दगड ढिला करतं. हे सगळं तोंडालगतच्या काही मीटरांत घडतं, म्हणजे तुम्ही बसणार तिथेच. डोक्यावर सुळेही लटकत असतात.

दुसरी अडचण दिसत नाही. जुन्या कामांत लाकूड कुजताना आणि खनिज गंजताना हवेतला प्राणवायू खर्ची पडतो. बाहेर तो २१ टक्के असतो. १६-१७ टक्क्यांवर मेणबत्ती विझते, १० टक्क्यांखाली माणूस काही उमजायच्या आत कोसळतो. या कोंदट हवेला वास नसतो. हवेचा दाब उतरू लागला, म्हणजेच वादळ येऊ लागलं, की ती आतून तोंडाकडे सरकते. बघा कसं जुळतं: तुम्हाला आडोशाची गरज पडते नेमक्या त्याच वेळी. मेणबत्ती किंवा लायटर पेटवून ‘तपासून’ पाहण्याच्या फंदात पडू नका. कोळशाच्या खाणीत ज्वालाग्राही वायू असू शकतो.

तिसरी अडचण तुमची नाही, वटवाघळांची आहे. हिवाळाभर ती तिथे झोपलेली असतात, साठवलेल्या चरबीवर. माणसाच्या चाहुलीने एकदा जागी झाली की बरीच चरबी जळते, आणि वसंतापर्यंत ती पुरत नाही. बोगद्याच्या तोंडाला आडव्या गजांची जाळी दिसली तर ती वटवाघळांना ये-जा करता यावी म्हणून तशी असते. ब्रिटनमध्ये आणि युरोपीय संघात त्यांना त्रास देणं गुन्हा आहे.

बोगद्याची जमीनही खात्रीची नसते. कित्येकदा ती खालच्या पोकळीवर टाकलेली फळकुटं असतात.

१०. मग थांबायचं कुठे?

पडक्या भिंतीच्या आडोशाला, पण भिंत कमरेएवढी किंवा त्याहून ठेंगणी असेल तरच. उंच उभ्या भिंती आणि धुराडी थंडीत उकलतात. टाकाऊ दगडांच्या ढिगामागे वारा अडतो, मात्र पायथ्याला चिकटून बसू नका. असे ढीग सुमारे ३५ अंशांच्या उतारावर स्थिरावतात आणि बर्फाच्या लाद्या सुटतात त्या बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवरूनच. ढिगावरून आलेली लादी छोटीच असते, पण बसलेल्या माणसाला गाडायला पुरते.

वितळभट्ट्यांपासून डोंगरमाथ्यापर्यंत गेलेल्या दगडी धुरवाटा आत शिरण्याजोग्या दिसतात. शिरू नका. त्यांच्या आतल्या काजळीत शिसं आणि आर्सेनिक असतं.

खरं उत्तर: आडोसा पाठीवर घेऊन जा (प्रश्न ३ मधली झोळी).

११. धुक्यात जुन्या रुळवाटा आणि पाट धरून चालता येतं का?

पाट धरून, हो, आणि फार छान. खाणीला पाणी पुरवणारे पाट अगदी नाममात्र उताराने, समोच्च रेषेला धरून नेलेले असतात. सगळं पांढरं झालेलं असताना डावा पाय पाटाच्या काठावर ठेवून चालत राहिलात तर तुम्ही उंची सोडत नाही. मात्र पाट जिथून निघतो तिथे छोटा तलाव असतो, आणि बर्फाखालचा तलाव हा माळासारखाच दिसतो. नकाशावर तो आधी हेरून ठेवा.

रुळवाटांचं तसं नाही. ज्या उतारावर डबे दोराने चढवत-उतरवत, तो उतार नाकासमोर सरळ खाली जातो आणि गोठल्यावर घसरगुंडी होतो. बर्फाखाली लोखंडी दोरांचे वेटोळे पाय अडकवतात. शिवाय एक साधी गोष्ट लोक विसरतात: खाणकऱ्यांची वाट खाणीकडे जाते. ठळक, रुंद, हमरस्त्यासारखी वाट धुक्यात धरलीत तर ती तुम्हाला शाफ्टच्या तोंडाशी नेऊन सोडेल, कारण ती त्यासाठीच बांधली होती.

‘हश’चाही विचार करा. वर बांध घालून पाणी साठवायचं आणि एकदम सोडून माती धुऊन काढायची, म्हणजे शीर उघडी पडते. त्यातून झालेल्या घळी पेनाइन्समध्ये जागोजाग आहेत. कडेवर वाऱ्याने बर्फाची झालर बाहेर आलेली असते. पांढऱ्या धुक्यात तिच्यावर पाय पडेपर्यंत कळत नाही.

१२. होकायंत्र भलतीच दिशा दाखवत होतं. खनिजामुळे का?

आधी खिशातला फोन लांब करा. दहांतल्या नऊ वेळा चोर तोच असतो, नाहीतर हातमोज्याचं चुंबकी बटण, बर्फकुऱ्हाड किंवा पायाखालचा रूळ. वीसेक पावलं बाजूला जाऊन पुन्हा बघा.

शिसं, तांबं, जस्त यांच्या खनिजांनी सुई सहसा हलत नाही. मॅग्नेटाइट या लोहखनिजाने मात्र हलते. स्वीडनमध्ये जुने शोधक त्यासाठीच खास होकायंत्र वापरत, सुई खाली झुकली की तिथे खणायचं. तेव्हा लोखंडाच्या खाणींजवळ दोन वेगळ्या जागांवरून दिशा घ्या आणि त्या जुळतात का पाहा.

फोनच्या नकाशावर सगळा भार टाकू नका, थंडीत बॅटरी बघता बघता मान टाकते. फोन आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा.

१३. ओढ्याचं पाणी उकळून प्यायलं तर चालेल ना?

खाणीच्या खालच्या अंगाला असाल तर नाही. उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत. उलट पाणी आटलं की त्यांचं प्रमाण वाढतं. नारिंगी गाळ दिसला तर लोहयुक्त पाणी आहे हे उघडच कळतं, पण नितळ पाण्यातही जस्त आणि कॅडमियम विरघळलेलं असू शकतं. पाणी घरून न्या, किंवा सगळ्या कामांच्या वरच्या अंगाचं घ्या. बर्फ वितळवायचा तर ढिगांपासून दूरचा, ताजा, वरचा थर घ्या.

१४. चमकणारा एखादा दगड आठवण म्हणून उचलला तर?

तो चमकणारा, जड, चौकोनी कण्यांचा करडा दगड बहुधा गॅलेना असतो, म्हणजे शिशाचं खनिज. तो हाताळून त्याच हाताने खाणं वाईट. जेवणाआधी हात पुसा, हातमोज्यांनी तोंड पुसू नका.

कायद्याचं म्हणाल तर कित्येक जुन्या खाणी संरक्षित स्मारकं आहेत आणि तिथलं काही हलवणं गुन्हा ठरू शकतो. कॉर्नवॉल आणि पश्चिम डेव्हनचा खाणप्रदेश २००६ पासून जागतिक वारसा आहे. संरक्षण नसलं तरी दगड जमीनमालकाचा असतो. फोटो काढा.

१५. ढिगात पेन्सिलच्या तुकड्याएवढी तांब्याची नळी सापडली. काय असेल?

सुरुंगाची टोपी, म्हणजे डेटोनेटर असू शकतो. हात लावू नका, पायाने ढकलू नका, जागेची खूण करून मागे या आणि पोलिसांना कळवा. जुन्या डायनामाइटच्या कांड्यांमधून नायट्रोग्लिसरीन पाझरतं. ते साधारण १३ अंशांनाच गोठतं, पण गोठलेलं म्हणजे निरुपद्रवी नव्हे.

१६. कुत्र्याला नेऊ का?

न्या, पण पूर्ण वेळ पट्ट्याला. कुत्रा खळग्यांकडेच धावतो, डबक्यातलं पाणी पितो आणि पंजे चाटतो (प्रश्न १३ आणि १४ त्यालाही लागू). तो शाफ्टमध्ये पडला तर मागोमाग काठावर जाऊ नका. पुढचं प्रश्न १७ प्रमाणे.

१७. सोबतचा माणूस आत पडला तर पहिल्यांदा काय करायचं?

थांबायचं. जिथे आहात तिथेच. काठ ज्याने एकाला घेतला तो दुसऱ्यालाही घेतो. बाकीच्यांना आपापल्या पाऊलखुणांवरून मागे घ्या. लांबूनच हाका मारा, उत्तर येतं का ऐका. स्वतः उतरायचा प्रयत्न नको, खाली हवा कशी असेल सांगता येत नाही (प्रश्न ९).

मदतीला फोन करताना ‘माणूस खाणीच्या शाफ्टमध्ये पडला आहे’ हे शब्द पहिल्या वाक्यात सांगा, कारण त्यासाठी वेगळं पथक आणि वेगळं सामान लागतं. युरोपात ११२ क्रमांक चालतो. जागेचे अचूक आकडे द्या आणि जवळची उंच जागा खुणेने दिसेल अशी करा, रंगीत सॅक, उघडी झोळी, काहीही. फोन लागत नसेल तर मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा टॉर्च, मग एक मिनिट विश्रांती, पुन्हा सहा. उलट उत्तर मिनिटाला तीनचं असतं.

१८. मित्राची हुडहुडी थांबली आणि तो म्हणाला, आता बरं वाटतंय. ठीक आहे ना?

कपडे बदलून, गरम पिऊन थांबली असेल तर ठीक. काहीच न करता थांबली असेल तर ती धोक्याची घंटा आहे. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की माणूस अडखळतो, पुटपुटतो, चेन लावता येत नाही, उगाच चिडतो. त्याहून खाली गेलं की शरीर कापायचंही सोडून देतं.

वाऱ्यातून हलवा, ओले थर काढून कोरडे घाला, खाली फोम किंवा सॅक सारा. शुद्धीवर असेल, नीट गिळता येत असेल तर गोड गरम पेय द्या. हातपाय चोळू नका, दारू अजिबात नको. हुडहुडी थांबलेल्या माणसाला उभं करून चालवू नका. आडवं, हळुवारपणे ठेवा आणि मदत मागवा.

१९. अशा डोंगरांवर फिरायला परवानगी लागते का?

देशागणिक वेगळं. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००० च्या कायद्याने नकाशावर आखलेल्या खुल्या माळांवर पायी फिरता येतं, स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने हा हक्क आणखी व्यापक आहे, नॉर्वेत १९५७ पासून. पण जमिनीवर फिरायचा हक्क म्हणजे जमिनीच्या पोटात शिरायचा हक्क असं समजू नका. तिथे मालकाला विचारा.

२०. गेले दोन दिवस ऊन आहे, बर्फ वितळतोय. आता तरी निर्धास्त जाता येईल ना?

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. कडाक्याच्या थंडीत वरची माती गोठून दगडासारखी होते आणि कुजक्या झाकणांनाही काही काळ धरून ठेवते. वितळू लागली की तीच माती पाणी पिऊन जड होते, शाफ्टमध्ये भरलेला मुरूम खालून धुपतो आणि तोंड बसतं. बर्फ वितळताना, त्यात पाऊसही आला तर विशेषच, जमीन खचण्याचा धोका वाढतो. त्याच वेळी पाट भरून वाहतात, बोगद्यांतून नारिंगी पाणी फुटतं आणि तलावावरचा बर्फ पातळ होतो.

अशा दिवसांत मी शिरेच्या रांगेवर जात नाही. समोरच्या डोंगरावर जातो, दुर्बीण घेऊन. वितळताना माळावरचा बर्फ आधी जातो आणि खळग्यांतला मागे राहतो, त्यामुळे दुपारी तीनच्या उन्हात सगळा पलीकडचा उतार करडा आणि त्यावर पांढऱ्या ठिपक्यांची रांग, धारेपासून पार ओढ्यापर्यंत. मागच्या खेपेला मी एकोणतीस मोजले. माझ्या नकाशावर त्यांतले अकरा आहेत.